अर्धा फेरा मागे

आमच्या जळगावच्या घरापुढे एक मोठी पत्र्याची शेड होती. तीन बाजूंनी बंद आणि रस्त्याकडून उघडी. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालत होतं. पण ती बांधली होती बैलगाडीच्या चाकांसाठी. माझे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणायचे, मूळचे पारोळ्याकडचे सुतार. तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, आणि त्यातून निघणारे आरे बाभळीचे, आऱ्यांवर गोलाईत बसवलेले लाकडी पाटे, आणि सगळ्यावर लोहाराने लालबुंद तापवून चढवलेली लोखंडी धाव, असं चाक ते करत. पुढे शेतकरी रबरी टायरच्या गाड्या घेऊ लागले आणि चार-पाच वर्षांत आबांचं काम संपलं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. शेड मुलाला दिली आणि स्वतः दाराशी बाजेवर बसू लागले.

त्या मुलाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, माझं लग्न झालं आणि तीन वर्षांनी त्याला एसटीच्या धुळ्याच्या वर्कशॉपात नोकरी लागली. तो धुळ्यात राहू लागला, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. दुकान बंद पडायला हवं होतं. ते पडलं नाही, कारण मी ते उघडत राहिले.

यात शौर्य काही नव्हतं. घरात पंखा एकच होता आणि दुपारी तो सासूबाईंच्या डोक्यावर फिरत असे. शेडमध्ये निदान वारा यायचा. तिथे बसून बसून मी आधीच पंक्चर काढायला शिकले होते, मग चेन बसवायला, मग चाकाच्या मधल्या हबमधले छर्रे धुऊन ग्रीस भरायला. माझं माहेर धुळ्याचं. शाळेत सायकलने जात होते, सायकलची भीती नव्हती. नवरा गेल्यावर गिऱ्हाईकं आली तर त्यांना परत कशाला पाठवायचं, एवढाच विचार मी केला.

पण त्या वर्षी माघात एक गिरणीवाला शेड बघून गेला. त्याला पिठाची गिरणी टाकायची होती आणि जागा त्याच्या मनात भरली होती. आमच्याकडे वर्षाचे करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतात. सालदार आखाजीला ठेवतात, आखाजीला सोडतात. शेत वाट्याने द्यायचं ते आखाजीला, जागा भाड्याने द्यायची तीही आखाजीला. गिरणीवाला म्हणाला, आखाजीला नारळ घेऊन येतो, तेव्हा हो की नाही ते सांगा.

रात्री जेवताना मी आबांना म्हटलं, "दुकान मी चालवते. जागा देऊ नका."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि भाकरी मोडली. आबा घरात अहिराणीच बोलत. ते म्हणाले, "पंक्चर तं कोनीबी काढस. चाक बांधता येस का तुले?"

मला येत नव्हतं. वाकडं झालेलं चाक सरळ करणं, म्हणजे आमच्या भाषेत आऊट काढणं, मला थोडंफार जमत होतं. पण सुटा हब, सुटी रिम आणि छत्तीस सुटे स्पोक यांचं चाक करणं ही वेगळी गोष्ट. नवऱ्याने ते काम मला कधी दिलं नव्हतं.

"शिकते," मी म्हटलं.

"आखाजीलोंग चाक दखाड. मंग दखसू." आखाजीपर्यंत चाक दाखव, मग बघू. आणि चाक कुठलं, तेही त्यांनीच सांगितलं. धाकट्याच्या सायकलचं. त्याच्याखाली टिकलं तर ते चाक म्हणायचं.

धाकटा म्हणजे माझा दीर. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, अंगाने धिप्पाड, वजन सत्तरच्या पुढे. त्या सुमारास जाड टायरच्या, आडव्या हँडलच्या सायकली नव्याने बाजारात आल्या होत्या. डोंगरात चालवायच्या म्हणून विकत. जळगावात डोंगर कुठला? पण मेहरूण तलावाच्या काठी आदल्या उन्हाळ्यात उपसलेल्या मातीचे ढीग पडले होते. दीर आणि त्याचे तीन मित्र फावडी घेऊन गेले आणि एका ढिगाला चढ काढला. त्यावर पाणी मारून तो धोपटला. दोन दिवसांच्या उन्हात तो सिमेंटसारखा झाला. मग लांबून पळत यायचं, चढावरून वर जायचं, हवेत सुटायचं आणि पलीकडे सपाट जमिनीवर आदळायचं. बास, एवढाच खेळ. टीव्हीवर कुठेतरी पाहिलेला.

जानेवारीपासून त्याने मागची तीन चाकं घालवली होती. स्पोक तुटायचे, किंवा चाक ताटासारखं वाकायचं. नवऱ्याने शेवटचं चाक बांधताना त्याला सांगितलं होतं, "पुढचं बैलगाडीचं बसवतो."

म्हणजे माझी परीक्षा गावातल्या सर्वांत वाईट गिऱ्हाइकावर होती. आबा व्यवहारी होते. जे चाक दूधवाल्याच्या सायकलीखाली टिकलं असतं त्याने काहीच सिद्ध झालं नसतं.

सुट्या भागांसाठी मी सुभाष चौकाच्या पलीकडच्या एका होलसेलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "ताई, यादी देऊन जा, माणूस आणून देईल." मी म्हटलं, मला निवडायचंय. त्याने स्टूल दिलं. मी सहा रिमा एकेक करून त्याच्या दुकानातल्या शहाबादी फरशीवर आडव्या ठेवल्या. रिम फरशीला सगळीकडून टेकली पाहिजे. चार डुगडुगल्या. उरलेल्या दोनांपैकी जिचा सांधा बोटाला लागत नव्हता ती घेतली. रिमच मुळात वाकडी असेल तर ती स्पोकांनी ओढून सरळ दिसते, पण तेवढ्यापुरतीच. पहिल्या दणक्याला तिला तिचा जुना आकार आठवतो.

निपल पितळी घेतले. निपल म्हणजे स्पोकच्या टोकाला रिममध्ये बसणारी छोटा नळीसारखा नट, जो फिरवला की स्पोक ताणला जातो. लोखंडी निपल स्वस्त, पण एका पावसाळ्यात गंजून स्पोकला धरून बसतात आणि नंतर चावी लावली की स्पोक पिळला जातो. हे मला आधीच माहीत होतं. स्पोकांबद्दल माहीत नव्हतं. घरी आबांना विचारलं होतं, तर त्यांनी एका वाक्यात निकाल दिला होता, "जाड जोयजेत." जाड पाहिजेत. दुकानात होते नव्हते तेवढ्यांतले सर्वांत जाड मी घेतले.

चाक बांधायला चार दुपारी लागल्या. दोनदा पूर्ण गुंफून पुन्हा उसवलं. एका चाकाला छत्तीस स्पोक, अर्धे एका बाजूने, अर्धे दुसऱ्या. प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडून जातो आणि तिसऱ्याला खालून घासून जातो. स्वेटर विणलेल्या बाईला हे अवघड नाही. मी नवऱ्याने बांधलेलं एक जुनं चाक समोर टांगलं आणि टाके मोजावेत तसं मोजत गेले.

आबा बाजेवरून उठून आत आले ते दुसऱ्या दिवशी. माझी सायकल उलटी ठेवून तिच्यात चाक फिरवण्याची कसरत त्यांनी थोडा वेळ पाहिली आणि संध्याकाळपर्यंत बाभळीच्या जुन्या तुकड्यांचा एक घोडा करून दिला. दोन उभे खांब, वर खाचा. त्या खाचांत चाकाचा आस ठेवायचा आणि फिरवायचं. दोन्ही खांबांना खिळा, जेणेकरून चाक कुठे डावीकडे जातं कुठे उजवीकडे ते दिसावं. तो घोडा इतका नेमका होता की विकतचा कधी घ्यावासा वाटला नाही.

मग ताणायची वेळ आली. इथे आबा माझ्या शेजारी पाटावरच बसले. मी चावीने प्रत्येक निपल अर्धा फेरा फिरवायचे आणि ते म्हणायचे, "आखो ताण." आणखी ताण. मी पुन्हा एक वळसा घालायचे. "आखो." माझी बोटं सोलली. शेवटी त्यांनी एक स्पोक नखाने छेडला. तो किणकिणला. त्यांचा चेहरा खुलला, तसा मी तीन वर्षांत दोनदाच पाहिला असेल.

"आते वाजस," ते म्हणाले. आता वाजतंय.

धाव चढवलेलं नवं चाक हातोडीने ठोकलं की असंच वाजायचं म्हणे. लाल तापलेली धाव तीन माणसं सांडशीने धरून चाकावर बसवायची, ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, धाव आक्रसायची आणि सगळे आरे तुंब्यात दाबले जायचे. जितकी घट्ट तितकं चाक जास्त वर्षं. हे त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं आणि त्यांचं चाक गावोगाव चाललं होतं. त्यांना खोटं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

रविवारी सकाळी दिराने चाक बसवलं. नवरा घरीच होता. त्याने चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "सरळ आहे." बाकी काही नाही. मला तेवढं पुरलं.

आम्ही मेहरूणला गेलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि ऊन चटका देऊ लागलं होतं. आबा आले नाहीत. दिराने पहिली उडी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या उडीला तो किंचित तिरपा खाली आला. काडकन काही तुटल्याचा आवाज आला नाही. चाक नुसतं वळलं. एका क्षणी गोल होतं, दुसऱ्या क्षणी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं. सायकल जागच्या जागी थांबली आणि दीर पुढे गेला.

हनुवटी फुटली, तीन टाके पडले. कोपराची सालं निघाली. दवाखान्यातून रिक्षात येताना तो म्हणाला, "वहिनी, वाजत छान होतं पण."

"बोलू नका, टाके ताजे आहेत," मी म्हटलं.

घरी सासूबाईंनी आम्हा दोघांना धुऊन काढलं. "पोरगाना दात पडतीन मंग कोन दी?" पोराचे दात पडले तर कोण देणार, हा प्रश्न मला उद्देशून होता. नवरा मला एकटीला म्हणाला, "दे ना गिरणीवाल्याला. उन्हातान्हात कशाला." तो वाईट अर्थाने नव्हता बोलला. आबांनी वाकडं चाक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि भिंतीशी ठेवून दिलं. आखाजीला अठरा दिवस होते.

मी दुपारी ते चाक घेऊन बसले. रागच आला होता, पण चाकाचा राग येऊन उपयोग नसतो, ते बघावं लागतं. आणि बघितलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी मेहरूणला धावपळीत सुटली होती. एकही स्पोक तुटला नव्हता. छत्तीसच्या छत्तीस शाबूत. दिराच्या आधीच्या तीनांपैकी दोन चाकं स्पोक तुटून गेली होती. हे मात्र पूर्ण धडधाकट असताना वळलं होतं. मग मोडलं काय?

मी निपल सैल करू लागले. सातआठ स्पोक ढिले केले तसं ते चाक हातातल्या हातात अर्धंअधिक सरळ झालं. रिमला कुठे पोचासुद्धा नव्हता. म्हणजे ते वळवलं होतं ताणानेच. दणका फक्त निमित्त. रिमला छत्तीस ठिकाणांहून आत ओढलेलं होतं, जेवढं ती सोसू शकते तेवढं सगळं आम्ही आधीच तिच्याकडून वसूल केलं होतं. तिरपा धक्का आला तेव्हा तिच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

हे मी आज नीट शब्दांत लिहिते आहे. तेव्हा असं सुचलं नव्हतं. तेव्हा मी दुसरं एक केलं. दिराला माझ्या सायकलीवर बसवलं, टाके आणि पट्टीसकट, आणि म्हटलं भिंत धरून नुसते बसा. मग मागच्या चाकाचा सगळ्यात खालचा स्पोक नखाने छेडला. आवाज खोल आला. त्याला उतरवलं, तोच स्पोक छेडला. आवाज वर गेला. वरचे स्पोक तो बसला असताना आणि उतरल्यावर जवळजवळ सारखेच वाजत.

"वहिनी, वीणा वाजवताय का?" दीर म्हणाला.

"पुन्हा बसा."

तो सहा वेळा बसला आणि उतरला. खालचा स्पोक दर वेळी सैल पडायचा, तो उतरला की पुन्हा ताणला जायचा. मला तेव्हा समजलं की आबांचं चाक आणि माझं चाक एकमेकांसारखं दिसतं पण काम वेगळं करतं. त्यांचा आरा जाड लाकडाचा असतो, ओझं आलं की तो खाली पाय रोवून उभा राहतो. स्पोक म्हणजे तार. तार उभी राहू शकत नाही. ती फक्त आपल्या ताणातला थोडा सोडून देते. तिच्या अंगात तो थोडा सोडायची सोय पाहिजे. जाड स्पोक ताणताच येत नाही नीट आणि सोडतही नाही. तो सगळा मार हबपाशी स्पोकला जो वाक असतो त्यावर आणि रिमवर ढकलतो.

हे आबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सुनेने सासऱ्याला त्याच्या चाकाबद्दल शिकवायचं हे आमच्या घरातच काय, कुठल्याच घरात बसत नाही. आणि दुकान द्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं. मी दोन दिवस थांबले. मग एका सकाळी त्यांचा चहा बाजेवर नेऊन दिला आणि विचारलं, "आबा, धाव केवढी कापायची हे लोहाराला कसं कळायचं?"

ते खुलले. चाकाचा घेर मोजायचा आणि पट्टी त्याहून थोडी आखूड कापायची. किती आखूड, ते लाकूड किती वाळलंय त्यावर. वैशाखातलं चाक असेल तर वेगळं, श्रावणातलं असेल तर वेगळं. आबा स्वतः बोटांनी माप सांगायचे.

"आणि जास्त आखूड कापली गेली तर?"

"मंग चाक वाटी व्हई जास," ते सहज म्हणाले. चाकाची वाटी होते. आरे एका बाजूला बाहेर येतात, छत्री उलटी व्हावी तसे. असं एकदा एका नवख्या लोहाराने केलं होतं आणि आबांनी ते चाक गाडीला लावू दिलं नव्हतं. धाव छिन्नीने तोडून काढली होती.

त्यांनी कप खाली ठेवला. भिंतीशी ते चाक अजून होतं, स्पोक ढिले केल्यावर अर्धंअधिक सरळ झालेलं, त्याकडे त्यांनी पाहिलं. मग उठून आत गेले आणि फळीवरून एक चिकट बाटली काढून आणली. जवसाचं तेल. ते आऱ्यांच्या टोकांना लावायचे, तुंब्यात बसवण्याआधी.

"निपलले लाव," ते म्हणाले. "फिरावताना सरकस, वाळनं की धरी ठेवस." फिरवताना निपल सरकतो आणि तेल वाळलं की तेच धरून ठेवतं. चूक कबूल करण्याची त्यांची ही पद्धत. मला शब्दांपेक्षा तेल जास्त उपयोगी पडलं. आजही निपलला मी जवसाचंच तेल लावते. उड्या मारणाऱ्याच्या चाकाचे निपल दणक्यांनी हळूहळू उलटे फिरतात. हे तेल त्यांना फिरू देत नाही, आणि चावी लावली तर अडवतही नाही.

दुसऱ्या चाकासाठी मी मध्यम जाडीचे स्पोक आणले. होलसेलवाला म्हणाला, "जाडे परत आणलेत का?" मी म्हटलं, ते ठेवा, हातगाडीवाल्याला द्या. रिम पुन्हा तशीच फरशीवर ठेवून निवडली. गुंफायला या वेळी दोन दुपारी लागल्या. फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेनच्या, बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा थोडे जास्त ताणावे लागतात, नाहीतर चाक मध्यावर येत नाही, तेही या वेळी आपोआप जमलं.

कुठे थांबायचं ते मात्र शोधावं लागलं. मी एक पद्धत काढली. प्रत्येक फेरीनंतर शेजारशेजारचे दोन दोन स्पोक मुठीत धरून जोरात आवळायचे, दोन्ही हातांनी, चाकभर. स्पोक आपापल्या जागी बसतात, कुरकुरतात आणि पिळलेले असतील तर सुटतात. मग घोड्यावर फिरवून बघायचं. सरळ राहिलं तर आणखी अर्धा फेरा ताणायचं. असं करत करत एक वेळ आली की आवळल्यावर रिम एकदम नागमोडी झाली. तिची मर्यादा ती. तिथून प्रत्येक निपल अर्धा फेरा मागे आणला आणि तिथेच थांबले.

आबा जवळ बसले होते. त्यांनी स्पोक छेडला. मागच्यापेक्षा खालच्या सुरात वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आखो" म्हणायची सवय ओठांवर आली असणार, पण ते म्हणाले नाहीत.

आता बसणार कोण? सासूबाईंनी दिराला उडीची बंदी केली होती. दीर स्वतः थोडा बिचकला होता, तसं दाखवत नव्हता. मला म्हणाला, "वहिनी, चाक तुमचं. आधी तुम्ही बसा."

"माझं वजन पंचेचाळीस, तुमचं सत्तर. माझ्या उडीने चाकाचं काय कळणार आहे?"

"म्हणजे मी तुमचा दगड."

"चांगला दगड. गेल्या वेळी परत आलात की."

त्याने सासूबाईंना काय सांगून पटवलं मला माहीत नाही. बहुधा काहीच सांगितलं नाही. आखाजीच्या तीन दिवस आधी सकाळी आम्ही पुन्हा मेहरूणला गेलो. या वेळी आबाही आले. मी त्यांना माझ्या सायकलीच्या कॅरिअरवर बसवून नेलं, कारण त्यांना रिक्षा आवडत नसे. लोकांनी पाहिलं असेल. पाहू दे.

दिराच्या मित्रांनी मला विचारलं होतं की पलीकडे उतरायलाही मातीचा उतार करू का, म्हणजे आदळणं कमी होईल. ती सूचना मुळात माझीच होती, पंधरा दिवसांपूर्वीची, तेव्हा ते हसले होते. उतारावर उतरलं की चाकावर निम्मा मारही येत नाही. पण त्या दिवशी मी नको म्हटलं. सपाट जमिनीवर आदळून जे चाक टिकेल तेच आबा मान्य करणार. उतार नंतर करा.

दिराने एक उडी मारली. थांबून मागे पाहिलं. मी मान हलवली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या उडीला तो पुन्हा तिरपा आला, अगदी गेल्या वेळेसारखा. सायकल घसरली, त्याने एक पाय टेकवला आणि सावरला. मी धावत गेले, सायकल उलटी केली आणि चाक फिरवलं.

आऊट आलं होतं. ब्रेकच्या रबराजवळ काडेपेटीच्या काडीच्या जाडीएवढं. बाकी सगळं जागेवर.

मी ओच्यातली चावी काढली आणि तिथेच मातीत बसले. जिथे रिम उजवीकडे जात होती तिथले डावीकडचे दोन स्पोक पाव फेरा ताणले, उजवीकडचे दोन तेवढेच सैल केले. फिरवलं. थोडं उरलं होतं, पुन्हा एकदा केलं. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. दीर पुन्हा बसला आणि आणखी तीन उड्या मारून आला.

आबा ढिगाऱ्याच्या सावलीत उभे होते. मला वाटलं होतं, चाक आऊट आलं म्हणजे नापास झालं असं ते म्हणतील. त्यांचं चाक एकदा केलं की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नसे. तुटलं तरच परत यायचं. माझ्या चाकाला पाच उड्यांत चावी लागली होती. मी त्यांना तसं सांगितलं, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, हे असंच असतं. याला दर आठवड्याला बघावं लागणार. स्पोक छेडून बघायचे, जो बदसूर वाजेल तो ताणायचा. वाकाजवळ चिरलेला दिसला तर तुटायची वाट न बघता बदलायचा. हवा जरा जास्त भरायची, म्हणजे रिम जमिनीला लागत नाही, पण मग सायकल उन्हात उभी करायची नाही, ट्यूब फुटते. हे चाक बांधून मोकळं होता येणार नाही.

आबांनी रिमवरची माती अंगठ्याने पुसली. परत येताना कॅरिअरवर बसून ते एकदाच बोलले, रस्त्यातला खड्डा चुकवायला सांगण्यासाठी.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात. धुळ्याहून भावाचा निरोप आला होता, झोका बांधलाय, ये. मी कळवलं, या वर्षी जमणार नाही. आईला वाईट वाटलं असणार. मला झोक्याचं वेड फारसं कधी नव्हतंच. घरात सकाळी पुरण शिजलं, आंब्याचा रस काढला, घागर पुजली. ते आटोपून मी शेड उघडली. सणाच्या दिवशी दुकान उघडू नये असं सासूबाई म्हणाल्या, पण दिराच्या एका मित्राचं चाक घोड्यावर होतं आणि त्याला ते हवं होतं. दोन दिवसांत अशी तीन चाकं आली होती. मेहरूणला बातमी पोचायला वेळ लागला नव्हता.

अकराच्या सुमारास गिरणीवाला आला. हातात नारळ, टोपी स्वच्छ. बाजेवर आबांशेजारी बसला, पाणी प्यायला, पावसाबद्दल बोलला, कापसाबद्दल बोलला. मी आत स्पोक आवळत होते. मग तो म्हणाला, "मग आबा, जागेचं काय ठरवलं?"

आबा म्हणाले, "माले काय इचारस? दुकान तिनं शे. तिले इचार." दुकान तिचं आहे, तिला विचार.

गिरणीवाल्याला ते नीट उमगलं नसावं. त्याने शेडमध्ये मान घालून माझ्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, मालक कधी येतात?"

"शनिवारी रात्री," मी म्हटलं. "पण उत्तर तेच राहील. जागा द्यायची नाहीये."

तो चांगल्या माणसासारखा नारळ तसाच ठेवून, सणाचा आहे म्हणाला, आणि सायकलीकडे गेला. स्टँड काढून त्याने ती ढकलली तसा मागच्या ब्रेकजवळ घासल्याचा आवाज आला. एकाच जागी, दर फेरीला.

"मागचं चाक आऊट आहे तुमचं," मी म्हटलं. "ठेवून जा. संध्याकाळी न्या."